हाताला न कळणारा ब्रेक

११ मार्च, नांदेड

सकाळपासून वर्कशॉपात रांग. नऊ जॉबकार्डं झाली, दहावं लिहिताना अप्पांचा फोन. साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर ते, त्यांना घेऊन पाण्याचे टँकर तपासायला निघालेले, अहमदपूर सोडून पुढं. परवा आमच्याच वर्कशॉपातून मागचे ब्रेकपॅड बदलून नेलेली पांढरी गाडी.

"संगू, समोर पिवळा दिवा लागून राहिलाय. विझंना गेलाय."

लाल तर नाही ना, मी विचारलं.

"न्हाई, पिवळाच. हँडब्रेकचं चित्र हाय."

मग चालवा म्हटलं. वीसपंचवीस किलोमीटर झाले की जातो आपोआप. मॅनेजर सर गिऱ्हाइकांना हेच सांगतात, मीही तेच सांगितलं. अप्पा म्हणाले, "बरं. तू म्हणतीस तर."

समोर एक माणूस काउंटरवर किल्ली आपटत उभा. फोन ठेवला.

१२ मार्च

संध्याकाळी फोन करून विचारलं, दिवा गेला का. आई म्हणाली, आज आंघोळीला दोन तांबे जास्तीचे मिळाले म्हणून खुशीत आहेत, दिव्याचं काय घेऊन बसलीस. अप्पा मागून ओरडले, "हाय तसाच! सवय झाली आता त्याची."

मन लागत नाही. गाडीबरोबर येणारं पुस्तक उद्या उघडून बघायचं.

अप्पांनी तीस वर्षं जीप चालवली. उतारावर थांबले की हँडब्रेक कर्रकर्र ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, शिवाय खाली उतरून चाकाखाली बाभळीचा ठोकळा. या गाडीत ओढायला काही नाहीच. दोन सीटच्या मधे अंगठ्याएवढं बटण. मागच्या महिन्यात आमच्या आवारात मीच त्यांना शिकवलं. लहानपणी जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं अआइई गिरवून घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून, शाळा लांब होती म्हणून पहिली-दुसरी घरातच झाली माझी. आता ते शेजारच्या सीटवर पोरासारखे बसलेले. "दाबलं. आता ब्रेक लागला हे कशावरून कळायचं?" म्हटलं, समोर लाल दिवा लागतो. "दिवा डोळ्याला कळतो. हाताला काय कळतंय?"

ठोकळा नव्या गाडीच्या डिकीतही आणून ठेवला होता. साहेब हसले म्हणे. मग मीही बोलले, अप्पा, ही जीप नाही, चारचौघांत ठोकळे काय लावता. दुसऱ्या दिवशी घरी नेऊन ठेवला.

१३ मार्च

गाडी घरंगळली. टँकरच्या रांगेतल्या एका बाईचा पाय.

अप्पांना लागलं नाही. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय.

रजा मागितली. सर म्हणाले, आधी हातातली दोन कार्डं पूर्ण करा. केली. लोहा मार्गे जाणारी एस.टी. मिळाली. पुस्तक उघडायचं राहिलं.

१४ मार्च, अहमदपूर

अप्पा काल संध्याकाळी घरी आले. जामीन झाला. जेवले नाहीत. सकाळी पूजेला बसले आणि गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून तसेच बसून राहिले, आईनं हाक मारेपर्यंत.

मी विचारत गेले, ते तुटक सांगत गेले. डोंगराच्या बाजूचं गाव, विहिरीत टँकर रिकामा करतात तिथं उतार. साहेब म्हणाले, एसी चालू राहू दे. म्हणजे इंजिन चालू, म्हणजे गिअरमध्ये टाकता येत नाही. न्यूट्रलला ठेवली. बटण दाबलं.

"दाबलं ना अप्पा? नक्की?"

"दोनदा दाबलं. लाल काही दिसंना म्हणून पुन्हा दाबलं. पिवळाच होता. म्हटलं हाच त्याचा रंग आसंल."

चाक खड्ड्यात होतं म्हणून गाडी उभी राहिली. अप्पा टँकरवाल्याचा कागद घ्यायला उतरले. मग साहेब उतरले आणि दार जोरात लावलं. तेवढ्या धक्क्यानं निघाली. बाया ओरडून पांगल्या. एक बाई घागर सोडायला तयार नव्हती. गाडी आणि विहिरीचा कठडा यांच्या मधे तिचा पाय.

"पळत जाऊन खिडकीतून हात घातला मी. हँडब्रेक ओढायला. ओढायला कायच न्हाई तिथं."

हे सांगताना त्यांचा हात मांडीजवळ वर आला, मूठ झाली आणि तशीच राहिली.

१६ मार्च, नांदेड

गाडी टोचन करून आमच्याकडंच आणली. आरटीओचे इन्स्पेक्टर उद्या येणार. मुजीबभाईंनी, ज्यांनी पॅड बदलले होते त्यांनीच, स्कॅनर लावला आणि मला खूण केली. "बाजी, इधर आओ. किसीको बोलो मत."

स्क्रीनवर दोन ओळी. हँडब्रेक मेंटेनन्स मोडमध्ये. आणि १३ तारखेला बटण दाबल्याची नोंद, दोन वेळा, मोटर चालली नाही.

दोन वेळा. अप्पा म्हणाले तसंच.

पॅड बदलताना ब्रेकची मोटर पूर्ण मागं घ्यावी लागते. त्यासाठी स्कॅनरवरून हा मोड लावतात, काम झालं की काढतात. मोड असेपर्यंत बटण कितीही दाबा, ब्रेक लागत नाही. फक्त पिवळा दिवा.

मुजीबभाई म्हणाले, "मशीन एकीच है, दूसरी गाडी पे गई थी. मैं सरको बोला. सर बोले साब की गाडी है, टाइम पे छोडो, मोड अगली बार निकाल लेंगे."

मला का नाही सांगितलं?

"तुम्हारे पिताजी की गाडी है करके मालूम होता तो बोलता मैं." मग खाली बघून म्हणाले, "किसीकी भी होती तो बोलना था."

शेवटची तपासणी माझी. जॉबकार्डावर हँडब्रेकच्या घरात बरोबरची खूण माझी. बटण दाबून पाहिलं होतं, गाडी हलली नव्हती. आवारात सपाट फरशी, हलणार कशी? दिवा पाहिला होता. सरांना विचारलंही होतं. जाईल म्हणाले.

मी मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढला. पहिला हलला. दुसरा नीट आला.

१७ मार्च

सरांनी सकाळी स्वतः स्कॅनर घेतला. मोड काढला, नोंदी पुसल्या. दुपारी इन्स्पेक्टर आले. रॅम्पवर गाडी चढवून बटण दाबलं. मोटर गुरगुरली, गाडी खिळल्यासारखी उभी. त्यांनी लिहून घेतलं, ब्रेक ठीक.

मी तिथं उभी होते, फाईल हातात घेऊन. काही बोलले नाही. का, हे इथं तरी खरं लिहावं. भ्यायले.

नंतर पुस्तक उघडलं. ब्रेकच्या प्रकरणात चौकटीत छापलंय, पिवळा दिवा असेल तर उतारावर गाडी उभी करू नये. पाच मिनिटं लागली शोधायला. ११ तारखेला फोन ठेवून ही पाच मिनिटं काढली असती तर.

१९ मार्च, लातूर

रजेचा दिवस. सरकारी दवाखान्यात गेले. बाईंचं नाव शेवंताबाई. पाय दोन ठिकाणी मोडलाय, आत सळई घातली. मी ड्रायव्हरची मुलगी म्हणून सांगितलं. वर्कशॉपचं नाही सांगितलं.

उशाशी बसलेली त्यांची सून बोलली. "बटनाची गाडी म्हनं! माणसाचा पाय मोडला तर कोन्तं बटन दाबायचं बाई, ते बी सांगा."

मी केळी नेली होती. ठेवायला जागा शोधत होते.

"ठिवा तिथं खाली. आन् तुमच्या वडिलाला म्हनावं, गाडी येत नसंल तर बैल हाका. बैलाला हो म्हनलं की थांबतंय."

मग शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "हाव गं, बस की आता. म्हातारा रडत व्हता माझ्याजवळ बसून. त्यानंच घातलं मला टँकरच्या केबिनीत." आणि मला विचारलं, "घागर गावली का कुनाला? नवी व्हती."

येताना एस.टी.त खिडकी मिळाली. दोन्ही बाजूला काळी भेगाळलेली रानं. सरांचा मेसेज, उद्या लवकर या.

२० मार्च, नांदेड

सरांनी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. याआधी कधी बसा म्हटलं नव्हतं. आमच्याकडून पोलिसांना लेखी अहवाल जायचाय. टाईप केलेला तयारच होता. पार्किंग ब्रेक व्यवस्थित. तो वापरल्याची कोणतीही नोंद आढळली नाही. खाली माझ्या सहीची जागा, कारण अंतिम तपासणी माझी.

मी म्हटलं, नोंद होती सर.

"होती म्हणजे? आत्ता आहे का?"

नाही.

"मग आढळली नाही हे खोटं कसं? तुम्ही फार अक्षर अक्षर पाहता. ब्रेक वापरला नाही असं मी लिहिलंच नाही." मग आवाज मऊ करून, "हे बघा, मोडचं निघालं तर तुमची सही निघते. मुजीबची निघते. वडिलांचं वय झालंय, जुन्या जीपची सवय, चूक होते माणसाकडून. साहेबांचा जबाबही तसाच आहे. दंडावर सुटतील. तुमचं अख्खं आयुष्य पडलंय."

स्वतःचं नाव त्यांनी त्या यादीत घेतलं नाही.

विचार करते म्हणून बाहेर आले. कागद त्यांनी टेबलावरच ठेवलाय, पेपरवेटखाली.

२२ मार्च

एक व्यापारी नवी गाडी घेऊन आले, दहा दिवसांची. तक्रार एकच, एसी कमी कसा करायचा. स्क्रीनवर आधी घराचं चित्र, मग हवा, मग पंखा, मग कमी. मी दाखवलं. ते म्हणाले, "एवढं करेपर्यंत समोरचा ट्रक अंगावर येतो ना ताई! आधी गोल फिरवायचं होतं, न बघता फिरवत होतो. ते कामून काढलं?"

काय सांगणार. गोल फिरवायचं महाग पडतं, स्क्रीन एकच लावली की सगळं त्यात कोंबता येतं. मला हसऱ्या चेहऱ्यानं सवय होईल म्हणायला शिकवलंय. म्हटलं.

चांगलंही असतं त्यात. बंद करताना ब्रेक विसरला तर काही गाड्या स्वतः लावतात. मी ते मानते. पण केबल तुटली तर दांडा सैल पडतो, हाताला लगेच कळतं, आंधळ्यालाही कळेल. बटण बिघडलेलं असो की चांगलं, बोटाखाली सारखंच लागतं. आणि काय बिघडलं होतं ते सांगणारी नोंद सर एका बोटानं पुसतात. तुटलेली केबल त्यांना पुसता आली नसती.

२५ मार्च, अहमदपूर

दोन दिवसांची सुट्टी टाकून आले. अप्पांना सगळं सांगायचं ठरवून. फोटो दाखवला. मोड, नोंद, माझी खूण, पुस्तकातली चौकट. फोनवर मी काय सांगितलं तेही पुन्हा, त्यांना आठवत नसेल म्हणून.

आठवत होतं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

वर हेही कळलं. १३ तारखेच्या जबाबातच त्यांनी लिहून दिलंय, बटण दाबायचं विसरलो. सही केलीय.

"मला म्हणालात दोनदा दाबलं!"

"तुला खरं सांगितलं. त्यांनला काय सांगायचं? दिवा बघून कुनाला विचारलं म्हणले असते. मग तुझं नाव आलं असतं."

आई चुलीकडून म्हणाली, "बाप-लेक दोघं बी शहाणे. एकाला खरं बोलायचं कळंना, एकीला गप बसायचं."

अप्पा तिच्यावर हसले. तेरा तारखेनंतर पहिल्यांदा. मग मला म्हणाले, "न्हाई माय. नवा जिल्हा व्हायचाय, हापिसं येतील, ड्रायव्हर लागतील, म्हणून ही गाडी धरली व्हती मी. ते गेलं. आता मला काय, हात गेले म्हणायचं. तुझं शिकलेलं हाय, ते कामून घालवतीस?"

मी म्हटलं, तुमचे हात गेलेले नाहीत. पण जबाब बदलला नाही तर कागदोपत्री हेच राहणार, तीस वर्षं चालवली आणि ब्रेक लावायचा विसरला.

ते उठून अंगणात गेले. दाराशी उभी असलेली शेजाऱ्यांची जीप, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. शेजारी बाहेर आल्यावर पटकन काढला.

२६ मार्च

चौकात पारावर नव्या जिल्ह्याचीच चर्चा. उदगीर होणार की नाही, आपण तिकडं जाणार की लातुरातच राहणार. मी दुधाला गेले तर एक काका मोठ्यानं, "अप्पाला नव्या कलेक्टरच्या गाडीवर घ्या म्हनावं, उतारावर सोडून!" सगळे हसले. त्यातले दोघे अप्पांच्या हाताखाली गाडी शिकलेले.

दूध न घेता परत आले. आई म्हणाली, दूध? मी म्हटलं, नव्हतं. खोटं.

२९ मार्च, नांदेड

पेपरवेटखालचा कागद घेतला आणि वाचला. पुन्हा वाचला. सही केली नाही. सरांना म्हटलं, मी वेगळं लिहून देणार आहे, आणि काय लिहिणार तेही फोटोसकट सांगितलं, मागून केलं असं वाटू नये म्हणून. सरांनी शांतपणे ऐकलं. "उद्यापासून येऊ नका. आणि फोटोचं म्हणाल, तो याच गाडीचा कशावरून?"

फोटोत गाडीचा नंबर नाही. हलला म्हणून पुसून टाकलेल्या पहिल्यात होता की नव्हता, आठवून आठवून डोकं दुखतं.

मुजीबभाई गेटपर्यंत आले. तीन मुली आहेत त्यांना. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "मेरा नाम लिखना है तो लिखो बाजी. लेकिन मैं आके बोलूंगा ये मत लिखो. वो मेरेकू आजतक मालूम नहीं."

२ एप्रिल, अहमदपूर

तीन दिवस जबाब लिहिला. चार वेळा फाडला. एकदा वाटायचं मी स्वतःला वाचवतेय, एकदा वाटायचं उगाच सगळं अंगावर ओढून घेतेय. शेवटी फक्त घडलं त्या क्रमानं लिहिलं. सरांनी काय सांगितलं, मी काय विचारलं नाही, फोनवर काय बोलले. पुस्तक उघडायचं राहिलं, हेही.

आज ठाण्यात दिला, फोटोसकट. हवालदारांनी चष्मा लावून सगळा वाचला. वाईट माणूस नाही. पंखा माझ्याकडं वळवला.

"ताई, हे लई अवघड करून ठेवलं तुम्ही. तुमचा बाप म्हणतो दाबलंच न्हाई. साहेब म्हणतात दाबलं न्हाई. मशीन म्हणती ब्रेक ठीक. फोटोत गाडीचा नंबर न्हाई. आन् तुम्ही म्हणता दोनदा दाबलं. तुम्ही व्हता का तिथं?"

नव्हते.

"मग तुमच्या बापाला म्हणा, जबाब बदलायचाय. त्याच्याशिवाय हा कागद म्हणजे बापासाठी लेकीनं लिहिलेली माया हाय. कोर्टात याला कोन इचारतंय?"

४ एप्रिल

दोन दिवस अप्पांच्या मागं लागले. आधी ऐकून घेत होते, आज चिडले.

"तू मला खोटं पाडायला निघालीस का?"

खोटंच आहे ते अप्पा.

"माझं हाय ना! मी बोललो, मी निस्तरतो. त्या बाईच्या पायावर गाडी माझ्या हातची गेली. बटण असू दे न्हाई तर दांडा. उतार दिसत व्हता मला, डोळे व्हते. ठोकळा मी काढून ठेवला, तू न्हाई."

मी सांगितलं म्हणून काढला.

"म्हणून काय झालं? उद्या तू म्हणशील चाकं काढा, काढू का?"

आई रडायला लागली. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. शेवंताबाई दवाखान्यातून घरी आल्याचं कळलंय, पाय वाकत नाही. त्यांच्या सुनेला हे सगळं सांगितलं तर ती काय म्हणेल, याचा विचार करत होते. कदाचित म्हणेल, तुमचं दोघांचं ठरलं की सांगा, तवर पाणी मी आणते.

५ एप्रिल

ठाण्यातून निरोप. उद्या अकरा वाजता दोघांनी या, समोरासमोर विचारणार. एकच जबाब राहील, दुसरा खोटा म्हणून लिहिला जाईल.

अप्पांनी अर्ध्या बादलीत धोतर धुवून वाळत घातलं. मी विचारलं, येणार ना.

"येतो की. तुला एकटीला कसं सोडू ठाण्यात."

आणि बोलणार काय?

धोतराची टोकं दोरीवर सारखी करत राहिले. "तू काय बोलणार हाईस ते बोल," म्हणाले. "मी अडवणार न्हाई. माझं मी बोलंन."